जुन्या बाजारातून आणलेला टीव्ही गेम घरी चालत नाही, तेव्हा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारली की एखाद्या तरी पथारीवर, गंजलेले पाने आणि बिनझाकणाचे मिक्सर यांच्यामध्ये, पिवळट पडलेला एक टीव्ही गेम दिसतोच. शेजारी पिशवीभर कॅसेटी. मुंबईच्या चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जो माल मांडला जातो त्यातही हाच ऐवज सापडतो. “मामा, चालू आहे का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “एकदम चालू! घरी जाऊन लावा.” मामा खोटं बोलतात असं नाही. त्यांनी तो लावूनच पाहिलेला नसतो. पथारीवर वीज आणायची कुठून?

घरी आल्यावरच्या तक्रारीही ठरलेल्या. दिवाच लागत नाही. दिवा लागतो, पण पडदा काळा. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. काल चाललेली कॅसेट आज चालत नाही. आणि बहुतेक जण लगेच म्हणतात, “कॅसेट गेली.” माझ्या मते कॅसेटला सगळ्यात शेवटी दोषी धरावं. तिच्यात हलणारा एकही भाग नसतो आणि आतली चिप सहसा जात नाही. आधी अडॅप्टर, मग टीव्ही, मग कॅसेटीच्या तोंडातल्या पिना, आणि कॅसेट सगळ्यात शेवटी, याच क्रमाने तपासा. पिना मळलेल्या असल्या तर महिनाभर तशाच राहिल्या तरी बिघडत नाही, पण चुकीचा अडॅप्टर चांगला सेट, म्हणजे कॅसेट लावायचा तो गेमचा डबाच, एका क्षणात कायमचा संपवतो.

आधी हातात आहे ते काय, हे पाहू. निन्टेन्डो या कंपनीचं फॅमिकॉम हे टीव्ही गेमचं यंत्र जपानमध्ये जुलै १९८३मध्ये आलं. त्याच्या कॅसेटीला ६० पिना, म्हणजे दोन्ही बाजूंना तीस-तीस. नव्वदच्या दशकात आपल्याकडे समुराई, मीडिया वगैरे नावांनी जे सेट घरोघरी गेले, ते याच ६० पिनांच्या घराण्यातले. पुढच्या काळातल्या स्वस्त नकला उघडल्या तर मूळ सेटमधल्या वेगवेगळ्या चिपांच्या जागी बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसतो. सगळी करामत त्या गोळ्याखाली. तो जळाला की दुरुस्ती नाही, आणि तो जळतो तो बहुतेकदा अडॅप्टरमुळेच.

दिवा लागत नाही, किंवा अडॅप्टरच मिळाला नाही

बाजारात सेटबरोबर अडॅप्टर मिळालाच, तर तो त्याच सेटचा असेल याची खात्री धरू नका. पथारीवाल्याने वायरींच्या ढिगातून पिन बसेल तो उचलून दिलेला असतो. कधी तो राउटरचा निघतो, कधी कसल्याशा चार्जरचा. पिन बसते म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. दोन गोष्टी जुळाव्या लागतात: व्होल्ट आणि पिनेची उलटसुलट.

हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांत पिनेच्या आतलं भोक धन आणि बाहेरचं नळकांडं ऋण असतं. मूळ फॅमिकॉममध्ये हे बरोबर उलटं: १० व्होल्ट डीसी, आत ऋण. नव्वदच्या दशकात शॉ वॉलेसने भारतात आणलेला सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा सेटही अधूनमधून बाजारात दिसतो. त्याच्या पहिल्या मॉडेलला आत ऋण लागतं आणि दुसऱ्या, छोट्या मॉडेलला आत धन. नाव एकच, तरी अडॅप्टर वेगळा. आपल्याकडच्या नकलांत तर कंपनीगणिक फरक. खाली स्टिकर असेल तर मधोमध ठिपका असलेलं वर्तुळ शोधा आणि ठिपक्याकडून येणाऱ्या रेघेला अधिक आहे की उणे ते पाहा.

स्टिकर उडाला असेल, आणि तो बहुधा उडालेलाच असतो, तर सेट उघडा. वीज अर्थातच जोडलेली नको. अडॅप्टरच्या सॉकेटजवळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला तीन पायांचा एक भाग असतो, त्यावर ७८०५ लिहिलेलं दिसेल. आलेल्या व्होल्टाचे नेमके ५ व्होल्ट करणं एवढंच त्याचं काम. अक्षरं आपल्याकडे धरली तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ऋण आणि उजवा पाय ५ व्होल्टचा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक मधल्या पायाला आणि दुसरं सॉकेटच्या आतल्या खिळ्याला लावा. बीप आला की समजायचं आत ऋण. बाहेरच्या पत्रीला लावल्यावर बीप आला तर आत धन. दोन्हीकडे आला नाही तर सॉकेटनंतर वीज कशीही आली तरी सरळ करून घेणारा चार डायोडचा पूल असण्याची शक्यता आहे, आणि तसं असेल तर उलटसुलटीची काळजीच मिटली.

७८०५ सापडलाच नाही तर मात्र हात आवरा. अलीकडचे छोटे सेट सरळ ५ व्होल्टवर चालतात, त्यांना मोबाइलच्या चार्जरची वायर लागते. तिथे ९ व्होल्ट घातले की त्या काळ्या गोळ्याला नमस्कार करायचा.

व्होल्टाबद्दल आणखी एक. ७८०५च्या सेटला ९ व्होल्ट बेताचे. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर सेट चालतो, म्हणून लोक तोच ठेवतात. पण ५च्या वरचे सगळे व्होल्ट ७८०५ उष्णतेत घालवतो. ९मधून ५ काढले तर ४ उरतात, १२मधून ७, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट तापणं. “अर्धा तास छान चालतो, मग अडकतो” ही तक्रार आली की मी आधी अडॅप्टरवरचा आकडा विचारतो. उलट, लोखंडी गाभ्याचा जुना जड अडॅप्टर रिकामा मोजला तर ९च्या जागी १२–१३ दिसतात. तो बिघाड नाही. भार पडला की आकडा खाली येतो.

चित्र येतं पण त्यात आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात आणि आवाजात घूंऽऽ असा गुणगुणाट असतो, तेव्हा सॉकेटजवळचा मोठा कपॅसिटर सुकलेला असतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो किरकोळ पैशांत मिळतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्या, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील. अंगावरचा पट्टा ऋण बाजूचा, तो पूर्वी जिकडे होता तिकडेच ठेवून डाग द्या, म्हणजे सोल्डर करा.

दिवा लागतो, टीव्हीवर मुंग्या

हा सेटचा दोष क्वचितच असतो. जुने सेट एरियलच्या भोकातून चित्र पाठवतात, म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने ते एक चॅनलच. सेट चालू ठेवा, कॅसेट लावलेली असू द्या, टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनल शोधायला लावा. आजच्या टीव्हीत डिजिटल आणि ॲनालॉग असे दोन पर्याय येतात, त्यातला ॲनालॉग घ्या. सेटच्या मागे ३ आणि ४ असं छोटं बटण असेल तर ते दोन्हीकडे करून पाहा. टीव्हीने दीडशे चॅनल धुंडाळून “काहीही सापडलं नाही” असं सांगितलं तर आधी वायर बदला. एरियलची वायर टोकापाशी आतून तुटलेली असणं फार नेहमीचं आहे.

मागे पिवळं भोक असेल तर एरियलच्या नादी लागूच नका. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या किंवा लाल भोकातून आवाज. टीव्हीला तशी भोकंच नसली तर तीन रंगांच्या वायरी एचडीएमआयला जोडणारी डबी काही शे रुपयांत मिळते. घेताना दिशा बघा: एव्हीकडून, म्हणजे या रंगीत वायरींकडून, एचडीएमआयकडे जाणारी हवी. हुबेहूब तशीच दिसणारी उलट्या दिशेची डबीही मिळते, आणि दुकानदार हाताला येईल ती देतो.

चित्र आलं पण काळंपांढरं, किंवा सारखं वर पळतंय? मग रंगपद्धत जुळत नाहीये. आपले टीव्ही पालवर, जपानी-अमेरिकी सेट एनटीएससीवर. मेनूत रंगपद्धत ‘ऑटो’वरून हाताने बदलून पाहा. जपानमधून कुणी मूळ फॅमिकॉम आणलं असेल तर त्याचं एरियलचं चॅनल आपल्याकडच्या टीव्हीला बहुधा सापडणारच नाही. आतून पिवळी वायर काढून घेणं हाच त्यावरचा उपाय, आणि ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं.

काल चालली, आज नाही

या दुखण्याला उत्तर एकच, पिना.

पडद्यावर नुसता एकच रंग, राखाडी, हिरवा, कसलाही. किंवा मारिओ दिसतो पण विटांच्या जागी अक्षरं आणि ढगांच्या जागी आकडे. किंवा संगीत सुरळीत वाजतंय आणि चित्राचा मात्र काला झालाय. हा शेवटचा प्रकार नीट बघा, कारण त्यातून बरंच कळतं. या कॅसेटीत साधारणपणे दोन साठे असतात, एकात खेळाचा कार्यक्रम आणि दुसऱ्यात चित्रांचे तुकडे. दोघांच्या पिनाही वेगळ्या. संगीत चालू आहे म्हणजे कार्यक्रमाच्या पिना टेकलेल्या आहेत आणि मळ चित्रांच्या पिनांवर आहे. पडदा एकरंगी असेल तर कार्यक्रमच वाचला जात नाहीये. दोन्ही वेळा चिप बहुधा धडधाकट असते.

आता साफसफाई. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेटीत फुंकर मारलेली आहे आणि ती चाललेलीही आहे. चालली ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा बसवल्याने. पिना जरा वेगळ्या जागी टेकल्या, एवढंच. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि पुढे तिथे हिरवट गंज धरतो, म्हणून खुद्द निन्टेन्डोनेच फुंकू नका असं बजावलं होतं.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए मागा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पेट घेणारं असतं, म्हणून देवघर आणि गॅस यांच्यापासून लांब. इअरबड त्यात बुडवून पिळा आणि पिनांवर लांबीच्या दिशेने फिरवा, आडवं नाही. पहिला बड काळा होईल, दुसरा करडा. बड पांढराच राहू लागला की पुढची बाजू. तरीही चिवट काळपट थर उरला तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने घासा, भुगा झटका आणि पुन्हा एकदा आयपीए. पॉलिश पेपर अजिबात नको. पिनांवरचा मुलामा अगदी पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि कॅसेट दर पावसाळ्यात आजारी पडते. थिनर आणि पेट्रोलही नको, प्लास्टिक विरघळतं.

कॅसेट लख्ख केली आणि सेटचं भोक तसंच ठेवलं तर सगळा खटाटोप वाया जातो. तीस वर्षांची धूळ आतच असते आणि पुढच्याच वेळी कॅसेटीला लागते. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापडाचा एक पदर घट्ट गुंडाळा, आयपीएने किंचित ओलं करा आणि कॅसेट घालतो तसं आत-बाहेर करा. कापड काळं येईल तोवर पदर बदलत राहा. मग पंधरावीस मिनिटं वाळू द्या आणि त्यानंतरच वीज जोडा.

एवढं करूनही कॅसेट हाताने एका बाजूला दाबून धरली तरच चालत असेल, तर भोकातल्या पत्र्या सैलावल्या आहेत. टाचणीने एकेक पत्री आत वळवणारे धाडसी लोक आहेत. मी ते काम करणाऱ्याकडे देतो, कारण एक पत्री तुटली की पूर्ण भोकच बदलावं लागतं.

“९९९९ गेमच्या कॅसेटीत दहाबाराच गेम निघाले” या तक्रारीवर मात्र इलाज नाही. तेच गेम वेगळ्या नावाने आणि वेगळ्या पातळीपासून पुन्हा पुन्हा भरलेले असतात. कॅसेट व्यवस्थित आहे, फक्त तिला मोजता येत नाही.

रिमोट आणि बंदूक

बटण जोरात दाबावं लागत असेल तर रिमोट उघडून रबराखालची काळी टिकली आणि बोर्डावरची जागा आयपीएने पुसा. टिकली झिजली असेल तर मऊ, काळ्या शिशाच्या पेन्सिलीने तिच्यावर गिरवलं की काही महिने निघतात. एखादी दिशा सोडून सोडून चालत असेल तर वायर रिमोटमध्ये शिरते तिथे आतून तुटलेली असते.

बंदूक चालत नसेल तर टीव्ही कोणता आहे ते आधी सांगा. एलईडीवर ती चालणार नाही, कितीही साफ केली तरी. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो त्याच क्षणी डोळ्याला दिसला तर नेम लागला. नळीच्या जुन्या टीव्हीवर हे वेळेत घडतं. नव्या टीव्हीत चित्र प्रक्रियेतून जात थोडं उशिरा उमटतं, तोवर गेमने नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं. बदकं मारायची असतील तर नळीचा टीव्ही शोधा. तो जुन्या बाजारात मिळतो, फक्त घरी कसा आणणार ते आधी ठरवा.

भावाने अमेरिकेतून आणलेला

तिकडच्या थ्रिफ्ट स्टोअरमधून किंवा घराबाहेर मांडलेल्या गॅरेज सेलमधून घेतलेला एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचाच अमेरिकी अवतार, सुट्टीवर येताना बॅगेत घालून आणणारे बरेच आहेत. त्याची दुखणी वेगळी. पहिलं म्हणजे त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालायचाच नाही. सेटला स्वतःला ९ व्होल्ट एसी लागतात, पण आत डायोडचा पूल असल्याने १ अँपियरच्या पुढचा ९ व्होल्ट डीसी अडॅप्टर कसाही लावला तरी चालतो. दुसरं, त्याच्या कॅसेटीला ७२ पिना, म्हणून इथल्या ६० पिनांच्या कॅसेटी त्यात बसत नाहीत. तिसरं, लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. ते मरण नव्हे. त्या सेटमध्ये कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिप आहे. पिना नीट टेकल्या नाहीत की तिला कॅसेटीतल्या जोडीदार चिपेकडून उत्तर मिळत नाही आणि ती सेट पुन्हा पुन्हा सुरू करत राहते. वर सांगितलेली साफसफाई करा, दहातल्या बहुतेक वेळा दिवा स्थिर होतो. आपल्याकडच्या सेटांत हा पहारेकरीच नाही.

त्याच बॅगेतून गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा सेट, आला तर आधी मागचं झाकण उघडा. सेल गळून स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर बसला असेल तर कुठले सेल होते ते पाहा. अल्कलाइन असतील तर इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. आपल्याकडचे साधे स्वस्त पेन्सिल सेल असतील तर उलट, पाण्यात कालवलेला खायचा सोडा. शेवटी दोन्हीकडे आयपीए.

खेळ सेव्ह होत नाही म्हणजे कॅसेटीतला ३ व्होल्टचा बटण सेल संपला. तो बदलता येतो, पण सेलच्या अंगावर थेट डाग देऊ नका, तापून तो फुटू शकतो. पत्र्या लावलेला सेल मिळतो, तो घ्या. जुना सेव्ह जाणार, हे मनाशी धरून चाला. आणि आपल्याकडच्या बहुतेक नकली कॅसेटीत तो सेल बसवलेलाच नसतो, तिथे शोधाशोध करू नका.

सीडीवाले

प्लेस्टेशन २ची डिस्क घेताना लोक खालच्या बाजूचे ओरखडे बघतात. निळ्या बुडाची डिस्क सीडी असते, आणि सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून चित्राच्या बाजूने खरवडलेली सीडी जास्त वाईट. डिस्क उन्हाकडे धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर ती घेऊ नका. चंदेरी बुडाच्या डीव्हीडी चालतात आणि निळ्या चालत नाहीत, किंवा उलट, असं असेल तर डिस्कांना दोष देऊ नका. सेटची लेन्स एका प्रकाराला थकली आहे.

पथारीवरच

खिशात छोटी बॅटरी आणि दोनचार इअरबड ठेवा. कॅसेटीच्या तोंडात उजेड टाका. काळा मळ असेल तर खुशाल घ्या, तो जातो. हिरवा गंज खड्डे पाडून गेला असेल, किंवा पिनांचा सोनेरी रंग टोकाला उडाला असेल, तर सोडा. कॅसेट कानाशी हलवा, आत खडखड वाजली तर काहीतरी सुटलेलं आहे. सेटच्या खालचे स्क्रू बघा. डोकी चेपलेली असतील तर आत कुणीतरी आधीच हात घातलाय. सॉकेटपाशी जळकट वास येत असेल तर किंमत कितीही कमी सांगितली तरी पुढे चला.

आणि घासाघीस करताना सेट बंद आहे असं धरूनच भाव लावा. “चालू”चा भाव चालू करून दाखवणाऱ्यालाच द्यायचा. रिमोट, वायरी, कॅसेटी यांचे वेगवेगळे भाव सांगू लागले तर सगळी पिशवी एकदमच मागा, त्यात तुमचा फायदा असतो आणि मामांचीही जागा रिकामी होते. अडॅप्टर बरोबर, टीव्ही बरोबर, पिना लख्ख, ७८०५च्या उजव्या पायावर ५ व्होल्ट, दुसऱ्या सेटवर चालणारी कॅसेट हाताशी, आणि तरीही पडदा काळा असेल, तर तो गोळा गेलेला आहे. मग रिमोट, भोक आणि बटणं काढून डब्यात ठेवा. पुढच्या सेटला लागतील.